गवती चहा आणि लिंबू सरबत: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

गवती चहाचं थंड सरबत बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. पातेल्यात पाणी ठेवलं, पात टाकली, साखर टाकली, उकळता उकळता त्यातच लिंबू पिळलं आणि कोमट झाल्यावर सगळं फ्रिजमध्ये ढकललं. दुसऱ्या दिवशी ग्लासात ओतावं तर पातीचा वास उडालेला, लिंबाला शिळपट चव आणि घोट गिळल्यावर जिभेवर कडसर काहीतरी रेंगाळतंय. मग ‘हे घरी जमत नाही’ म्हणत माणूस दुकानातल्या पावडरीच्या पाकिटाकडे वळतो. त्या पाकिटात बहुतेक साखर, सायट्रिक ॲसिड आणि कृत्रिम स्वादच असतो, तरी ते दर वेळी एकसारखं लागतं म्हणून खपतं.

चहा वेगळा करा, सरबत वेगळं करा आणि दोन्ही पूर्ण गार झाल्यावरच एकत्र आणा. एवढं पाळलं की पहिल्या खेपेलाच नीट जमतं. पातीला उष्णता लागते, लिंबाला ती सोसत नाही. दोघांना एकाच पातेल्यात कोंबलं की एकाचं तरी नुकसान होणारच.

चहा आणि लिंबू सरबत निम्मं-निम्मं मिसळायची पद्धत अमेरिकेतली. तिथे या पेयाला अर्नॉल्ड पामर (१९२९–२०१६) या गोल्फपटूचंच नाव पडलं आहे. तिकडे ते काळ्या चहाचं करतात. खुद्द पामर यांना मात्र निम्मं-निम्मं नव्हे, तर चहा जास्त आणि सरबत कमी आवडायचं. आपण करणार आहोत ते गवती चहाचं. त्यात चहाचं पान नाही, म्हणजे कॅफीन नाही. मुलांना द्यायला किंवा रात्री जेवणानंतर घ्यायला हरकत नाही.

सामान

खालचं प्रमाण साधारण सहा ग्लासांचं आहे.

चहासाठी: पाणी १ लिटर, गवती चहाची ताजी पात १५ ते १८ (वजनाने साधारण ४० ग्रॅम), आल्याचा अंगठ्याएवढा तुकडा, लाल जास्वंदीची ५–६ फुलं (असली तर).

सरबतासाठी: कागदी लिंबं ६, साखर २०० ग्रॅम, पाकासाठी पाणी २०० मिली, वरून गार पाणी ३५० मिली, मीठ पाव छोटा चमचा.

जास्वंद नसेल तर अडून बसू नका. ती मुख्यतः रंगासाठी आहे. आलंही ऐच्छिक आहे, पण मी ते वगळत नाही. पातीचा वास नाकाशी खेळतो, घशाला काही लागत नाही. ती उणीव आलं भरून काढतं.

भांडी स्टीलची किंवा काचेची घ्या. लिंबाचा रस तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवला तर कळकतो, आणि ॲल्युमिनियमलाही आंबट चालत नाही. हौसेने तांब्याच्या जगमधून सरबत वाढणारी मंडळी दिसतात. दिसायला छान, पण तो जग पाण्यासाठीच राहू द्या.

पात

भाजीवाल्याकडे आलं-पुदिन्याच्या शेजारी गवती चहाची जुडी मिळते. घेताना एक पात चिमटीत धरून चुरगळा आणि वास घ्या. लिंबासारखा तरतरीत वास लगेच आला पाहिजे. शेंडे थोडे वाळलेले असले तरी चालतं, ते कापून टाका. पण पात मधूनच पिवळी, ओलसर आणि चिकट लागत असेल तर ती जुडी पाण्याने मारलेली आहे, सोडून द्या.

पावसाळ्यात पात भराभर वाढते, लांब आणि रसरशीत असते, पण वासाला थोडी फिकी. उन्हाळ्यातली पात आखूड आणि राठ असते, वास मात्र दणकट. त्यामुळे मोजून १५ पाती या हिशोबाला चिकटून राहू नका. पावसाळ्यात चार-पाच जास्त घ्या. वाळवलेली पात असेल तर साधारण १२ ते १५ ग्रॅम पुरते, पण ताजीची सर तिला नाही.

पातीच्या कडा करवतीसारख्या असतात. खालून वर हात फिरवला तर बोट कापतं, आणि ते लिंबू पिळताना कळतं. धुताना बुडख्याकडून शेंड्याकडेच हात न्या. मग कापायची की नाही? चहाच्या टपरीवर कात्रीने बारीक कापतात, कारण त्यांना दोन मिनिटांत वास काढायचा असतो. आपल्याला घाई नाही. पाच-सहा पाती एकत्र धरा, वरवंट्याने किंवा लाटण्याच्या टोकाने दोन ठिकाणी हलकेच ठेचा, आणि मग दोरीला मारतो तशी एक सैल गाठ मारा. अशा तीन गाठी झाल्या की झालं. गाठ पातेल्यात टाकायला सोपी, चिमट्याने उचलायला सोपी, आणि बारीक तुकडे गाळणीत अडकून बसत नाहीत.

रोपवाटिकेतून रोप आणणार असाल तर तिथे नीट विचारून घ्या. सिट्रोनेला नावाचं गवत दिसायला बरंचसं असंच असतं, त्याचं तेल डास पळवणाऱ्या मलमात घालतात, ते प्यायचं नसतं. त्याच्या बुडाशी लालसर झाक असते आणि वास उग्र, साबणासारखा येतो. सगळ्यात खात्रीचं म्हणजे ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं गवती चहा आहे अशा कुणाकडून मुळासकट एक फुटवा मागून आणणं. कुंडीत लावला की पहिल्या पावसात त्याचं बेट होतं. पात कापताना जमिनीपासून चार-सहा इंच सोडून कापा, पुन्हा फुटते.

परदेशात राहणाऱ्यांना पातीऐवजी जाड पांढरे दांडे मिळतात, आशियाई किराणा दुकानांत हमखास. तेच झाड आहे, फक्त खालचा भाग. तीन-चार दांडे घ्या, बाहेरचं राठ साल काढा, चांगले ठेचा आणि पातीपेक्षा जास्त वेळ, पाच-सात मिनिटं उकळू द्या. दांड्याचा स्वाद पातीइतका पटकन सुटत नाही.

चहा करायचा, काढा नाही

गवती चहाला जो लिंबासारखा वास असतो तो सिट्रल नावाच्या द्रव्याचा. हे द्रव्य वाफेबरोबर उडून जातं. स्वयंपाकघरभर घमघमाट सुटला की आपण खूश होतो, पण जो वास नाकात गेला तो पातेल्यातून गेला. म्हणून पात खळखळ उकळत ठेवायची नाही आणि झाकण ठेवायला विसरायचं नाही.

आलं मात्र उकळीला भीत नाही. एक लिटर पाण्यात ठेचलेलं आलं टाकून पाणी उकळायला ठेवा आणि उकळी आल्यावर तीन-चार मिनिटं चालू द्या. मग पातीच्या गाठी टाका, चमच्याने दाबून पाण्याखाली घाला. पुन्हा उकळी फुटली की लगेच गॅस बंद आणि वर घट्ट झाकण. दहा ते बारा मिनिटं झाकण उघडायचं नाही.

झाकण काढताना एक गोष्ट पाहा. त्याच्या आतल्या बाजूला थेंब जमलेले असतात. बोटावर एक थेंब घेऊन वास घ्या. अख्ख्या पातेल्यापेक्षा त्या थेंबाला वास जास्त असतो. झाकण तिरकं करून ते सगळे थेंब परत पातेल्यातच निथळू द्या. ओट्यावर सांडू नका.

आता जास्वंद. गावठी, एकेरी, गडद लाल जास्वंद घ्या. हिरवा देठ आणि खालचा हिरवा पेला काढा, मधली परागांची दांडी खुडून टाका, फक्त पाकळ्या ठेवा. पराग राहिले तर चहात पिवळी भुकटी तरंगते. पाकळ्या धुऊन गॅस बंद केल्यानंतर, पातीची दहा मिनिटं होत आली की टाका आणि चार-पाच मिनिटांत बाहेर काढा. पाकळ्या उकळल्या किंवा फार वेळ ठेवल्या तर पाणी बुळबुळीत होतं. जास्वंदीच्या पानाफुलांत जो चिकटपणा असतो, ज्याच्यासाठी ती केसांना लावतात, तोच ग्लासात उतरतो. पाकळ्यांचा रंग गेला, त्या फिकट झाल्या, की त्यांचं काम संपलं. पिळू नका.

देवाला वाहायला आणलेली बाजारातली फुलं यात वापरू नका. त्यांच्यावर काय फवारलं आहे हे सांगता येत नाही. घरच्या झाडाची किंवा ओळखीच्या अंगणातली फुलं असतील तरच घ्या.

चहा गाळा. रंग आता काहीसा मळकट जांभळा असेल, फार आकर्षक नाही. काळजी करू नका, लिंबाची वाट पाहा. साखर यात अजिबात घालायची नाही. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवलं की अर्ध्या तासात निवतं. मग फ्रिजमध्ये. ओट्यावर दिवसभर तसंच पडू देऊ नका. हे पाणी आहे, लोणचं नाही, उन्हाळ्यात सहज आंबतं. याच कारणाने बरणीत पाणी आणि पात घालून उन्हात ठेवायची जी टूम मध्यंतरी व्हिडिओंमधून फिरत होती ती मला पटत नाही. उन्हातलं पाणी कोमट होतं, उकळत नाही, आणि कोमट पाण्यात स्वादाबरोबर जंतूही वाढतात. न उकळता करायचं असेल तर उकळून गार केलेल्या पाण्यात ठेचलेली पात घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. स्वाद हलका येतो, पण स्वच्छ येतो.

गाळलेल्या चहापैकी साधारण २०० मिली बाजूला काढा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. त्याचं कारण पुढे येईल.

पाक

थंड पाण्यात साखर विरघळवण्यात लोक हात दुखवून घेतात आणि तरी शेवटचा घोट नुसता साखरेचा येतो. पाक करून ठेवला की हा प्रश्नच राहत नाही.

२०० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी, मंद आच. साखर विरघळून पाणी स्वच्छ दिसलं आणि कडेला पहिले बुडबुडे आले की बंद. तार बघायची नाही, हा जिलबीचा पाक नाही. जास्त उकळला तर फ्रिजमध्ये साखरेचे खडे जमतात. गार झाल्यावर साधारण सव्वातीनशे मिली पाक होतो. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त, म्हणजे १८० मिलीच्या आसपास आज लागेल. उरलेला स्वच्छ कोरड्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवडे सहज टिकतो.

एक छोटी युक्ती. पाकासाठी साखर मोजून घेतली की दोन लिंबांची साल बारीक किसणीवर अलगद किसा, फक्त रंगीत पापुद्रा, खालचा पांढरा भाग आला तर कडू. हा कीस साखरेत टाकून बोटांनी चोळा. साखर ओलसर आणि सुगंधी होते. त्याच साखरेचा पाक करून गाळून घ्या. लिंबाचा आंबटपणा रसात असतो, पण वास सालीत असतो, आणि आपण साल दर वेळी फेकून देतो.

गुळाचा पाकही करता येतो, चव खमंग लागते, पण गुळाच्या रंगाखाली जास्वंदीचा रंग मारला जातो. गूळ घ्यायचा असेल तर जास्वंद वगळा, आलं वाढवा. मध घालायचा असेल तर पाक न करता गार चहात ढवळा, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध असलेलं काहीही देऊ नका.

लिंबू

कागदी लिंबू पातळ सालीचं, हातात जड लागणारं, हिरव्यावरून पिवळ्याकडे झुकलेलं घ्या. कडक हिरवं लिंबू रस कमी देतं. पिळण्याआधी ओट्यावर तळहाताखाली दाबून दहा-बारा वेळा फिरवा, मग आडवं कापा. एका मध्यम लिंबातून साधारण २० मिली रस निघतो, सहा लिंबांतून १२० मिली. मोजून घ्या, कारण लिंबांचा काही नेम नसतो. परदेशातल्या मोठ्या पिवळ्या लिंबातून एकातच ४० ते ५० मिली निघतो. तिथे ‘सहा लिंबं’ या शब्दावर विसंबलात तर तोंड वाकडं होईल.

पिळताना शेवटचा थेंब काढायचा हट्ट धरू नका. फार दाबलं की सालीतला आणि पांढऱ्या भागातला कडवटपणा उतरतो. बिया लगेच गाळून टाका, त्याही कडू. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रस आयत्या वेळी काढा. काढून ठेवलेला रस काही तासांनी आपोआप कडवट होऊ लागतो, फ्रिजमध्येसुद्धा. सकाळी केलेलं लिंबू सरबत संध्याकाळी वेगळं लागतं ते यामुळे.

लिंबाचं आणखी एक दुखणं म्हणजे भाव. ज्या महिन्यांत सरबत लागतं त्याच महिन्यांत लिंबू महागतं. एप्रिल २०२२मध्ये किरकोळ बाजारात एकेका लिंबाला दहा-दहा रुपये मोजावे लागले होते. याचं मूळ शेतात आहे. लिंबाला वर्षातून तीन बहार, म्हणजे फुलोऱ्याचे हंगाम, येतात. उन्हाळ्यात जे फळ हाती येतं ते हस्त बहाराचं, त्याची फुलं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धरावी लागतात. पण फुलं येण्याआधी झाडाला पाण्याचा ताण द्यावा लागतो, आणि भर पावसाळ्यात ताण द्यायचा कसा? श्रीगोंद्याकडच्या लिंबू उत्पादकांना विचारा, हा बहार किती बेभरवशाचा ते सांगतील. म्हणून ज्यांना उन्हाळाभर सरबत करायचं आहे त्यांनी लिंबू स्वस्त असताना रस काढून लगेच बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावा आणि खडे पिशवीत भरून ठेवावेत. ताज्या रसाची बरोबरी होत नाही, पण बाटलीतल्या रसापेक्षा कितीतरी बरं.

आता सरबत. १२० मिली रस, १८० मिली पाक, ३५० मिली गार पाणी, पाव चमचा मीठ, ढवळा. मीठ विसरू नका. ते खारट लागण्यासाठी नाही, कडवटपणा दाबण्यासाठी आहे. चाखून पाहा. नुसतं प्यायला हे जरा जास्तच आंबट-गोड लागलं पाहिजे. लागत नसेल तर चहा मिसळल्यावर ते पाणचट होणार.

गाठ

जगमध्ये मिसळायचं असेल तर सोपं आहे. ६५० मिली गार चहा, ६५० मिली सरबत, एकदा ढवळा. मळकट जांभळा चहा लिंबाचा रस लागताच झगझगीत गुलाबी होतो. शाळेतल्या विज्ञानात ‘नैसर्गिक दर्शक’ म्हणून जास्वंदीचा प्रयोग होता तो हाच. पाकळ्यांतलं रंगद्रव्य आम्ल लागलं की लाल-गुलाबी होतं. घरात मुलं असतील तर रस त्यांच्या हातून ओतवा.

पण पाहुण्यांसमोर वाढताना मी जगमध्ये मिसळत नाही. उंच ग्लास घ्या, निम्म्यापर्यंत बर्फ भरा, निम्म्यापर्यंतच सरबत ओता. मग चमचा उलटा धरून बर्फाला टेकवा आणि त्याच्या पाठीवरून चहा अगदी बारीक धारेने सोडा. सरबतात साखर आहे म्हणून ते जड, चहा बिनसाखरेचा म्हणून हलका, त्यामुळे चहा वरच राहतो. खाली फिकट पिवळं, वर जांभळं, आणि दोघांच्या मधे बोटभर गुलाबी पट्टा हळूहळू रुंदावत जातो. चहात चमचाभर जरी साखर पडली असेल तरी हे नीट होत नाही. ग्लास हातात दिल्यावर ढवळून प्यायला सांगा, नाहीतर पहिला घोट नुसत्या पातीच्या पाण्याचा आणि शेवटचा दात आंबवणारा.

प्रमाण निम्मं-निम्मं हे फक्त सुरुवातीसाठी. पात आवडणाऱ्यांनी पामर यांचा कित्ता गिरवावा, चहाचे दोन भाग आणि सरबताचा एक. मुलांना सहसा उलटं आवडतं. जिभेला थंड पदार्थ कमी गोड लागतात, म्हणून साध्या तापमानाला चाखताना किंचित जास्त गोड वाटलं तर ते बरोबर आहे. फ्रिजमधलं गार सरबत चाखून मग साखर ठरवा, ही आणखी चांगली सवय.

साखरेबद्दल स्पष्ट सांगतो. या प्रमाणात एका ग्लासात साधारण १८ ग्रॅम साखर जाते, म्हणजे चार-साडेचार छोटे चमचे. बाटलीतल्या कोल्यापेक्षा कमी, पण फार कमी नाही. ‘हर्बल’ म्हटलं म्हणून ते औषध होत नाही. मधुमेह असलेल्यांनी पाक वगळून नुसत्या चहात लिंबू आणि मीठ घालावं, तेही छान लागतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर जास्वंद रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

बर्फ

साधा बर्फ वितळला की सरबत पातळ होतं. मघाशी ट्रेमध्ये ओतलेला चहा इथे कामी येतो. चहाचा बर्फ वितळेल तसा स्वाद वाढतो, कमी होत नाही. जास्वंदीच्या चहाचा बर्फ असेल तर प्रत्येक खड्याभोवती गुलाबी रंग उतरत राहतो.

कार्यक्रमासाठी बाहेरून बर्फ आणणार असाल तर विचारून आणा. मासे, मृतदेह वगैरे टिकवण्यासाठीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा नसतो. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने २०१८पासून असा न खाण्याचा बर्फ निळसर करायला सांगितलं आहे. लादी निळसर दिसली तर ती सरबताच्या बाहेर, बाटल्या गार करायला वापरा, आत टाकू नका.

हात बसल्यावर

जास्वंदीच्या जागी गोकर्णाची निळी फुलं घालून पाहा. ८–१० फुलं, हिरवा देठ काढून, गरम पाण्यात पाच मिनिटं. चहा शाईसारखा निळा होतो आणि लिंबाने जांभळा. चव जवळपास शून्य, सगळी गंमत डोळ्यांची.

चवीलाच आंबट लाल रंग हवा असेल तर अंबाडीची लाल बोंडं. बाजारात ‘हिबिस्कस टी’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा आपल्या अंगणातल्या जास्वंदीचा नसून तिच्या या चुलतबहिणीचा, लाल अंबाडीच्या बोंडांवरच्या मांसल आवरणाचा असतो. इजिप्त आणि सुदानमध्ये त्याचंच करकडे हे पेय करतात. बोंडं स्वतःच आंबट असतात, म्हणून ती वापरली तर लिंबं सहाऐवजी तीन-चारच घ्या.

पुदिना उकळू नका, तो काळा पडतो आणि गवतासारखा लागतो. पानं हातावर ठेवून एकदा टाळी वाजवा आणि ग्लासात टाका. तुळस घालायची तर पाच-सहा पानंच, पातीबरोबर. जास्त झाली की सरबताला काढ्याची कळा येते. सब्जा आवडत असेल तर चमचाभर बी वाटीभर पाण्यात वीस मिनिटं भिजवून घाला. बी कोरडं टाकलंत तर गुठळ्या होतात. वेलची मी घालत नाही. पन्ह्यात ती शोभते, इथे पातीवर कुरघोडी करते.

खऱ्या चहाचं करायचं असेल तर पातीबरोबर दोन चमचे चहा पावडर घाला, पण तीन मिनिटांत गाळा, नाहीतर तुरट होतो. तो फ्रिजमध्ये गढूळ झाला तर घाबरू नका, खराब झालेला नसतो. थोडं उकळतं पाणी घातलं की पुन्हा नितळ होतो. नुसत्या गवती चहाला ही अडचण येत नाही.

टिकवण आणि मोठं प्रमाण

गाळलेला चहा झाकून फ्रिजमध्ये दोन ते तीन दिवस, पाक दोन-तीन आठवडे, लिंबाचा रस मात्र त्याच वेळी. एकदा मिसळलेलं सरबत त्याच दिवशी संपवा. घरात सतत कुणी ना कुणी येत असेल तर चहाची आणि पाकाची बाटली फ्रिजमध्ये तयार ठेवा. मग आलेल्या माणसासाठी एक लिंबू कापलं की दोन मिनिटांत ग्लास हजर.

हळदीकुंकवासाठी किंवा वाढदिवसाला २५ माणसांचं करायचं असेल तर सगळं सरळ चौपट करू नका. पाणी, साखर आणि लिंबं चौपट घ्या, पात मात्र तिप्पट पुरते, कारण मोठ्या पातेल्यात उष्णता जास्त वेळ धरते आणि स्वाद जास्त सुटतो. त्याच कारणाने पात दहाऐवजी सात-आठ मिनिटांतच काढून घ्या. चार लिटर चहा फ्रिजमध्ये मावत नाही आणि निवायलाही वेळ घेतो. म्हणून तो निम्म्याच पाण्यात दाट करा, आदल्या रात्री बाटल्यांत भरून ठेवा, आणि वाढायच्या वेळी उरलेलं निम्मं पाणी उकळून गार केलेलं घाला. लिंबं पिळायला दोन माणसं आधीच ठरवून ठेवा. २४ लिंबं एकट्याने पिळायला घेतलीत तर पाहुणे येईपर्यंत तुम्ही स्वयंपाकघरातच असाल.